राष्ट्रपती आपला, पण अर्जावर सह्या कोणाच्या?

२०१७ मध्ये रामनाथ कोविंद आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, तेव्हा दोन्ही वेळा आपल्या तरुणांत तेच भांडण झाले. एक गट म्हणे, आपला माणूस राष्ट्रपती भवनात पोहोचला. दुसरा म्हणे, रबर स्टॅम्प. आम्ही दोन्ही गटांना एकच विचारतो : उमेदवारी अर्जावर सह्या कोणाच्या होत्या?

राष्ट्रपतीला जनता थेट निवडत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात. नियुक्त खासदारांना मत नाही. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरते. महाराष्ट्रात ते १७५, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. पसंतीक्रमाची ही आकडेमोड स्पर्धा परीक्षेवाले पाठ करतात. पण त्याआधीची पायरी कोणी नीट वाचत नाही.

अर्ज भरायला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही याच मतदारांपैकी. १९९७ पर्यंत दहा-दहा पुरत होते. म्हणजे चळवळीतला माणूस कितीही मोठा असो, शंभर खासदार-आमदारांच्या सह्यांशिवाय तो उमेदवारच होत नाही. २०१७ मध्ये कोविंद यांच्यासमोर मीरा कुमार होत्या. दोन्ही उमेदवार दलित, आणि दोन्ही नावे ठरवली ती पक्षांनी.

आता हिशेब करू. लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ आणि जमातींच्या ४७ जागा राखीव आहेत. एकूण १३१. यांतल्या शंभरांनी ठरवले तर कोणत्याही पक्षाध्यक्षाला न विचारता ते राष्ट्रपतिपदाचा उमेदवार उभा करू शकतात. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त असते. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले, ते याच मोकळिकीमुळे. (तेव्हाही हाक पंतप्रधानांनीच दिली होती, हे खरे.)

मग हे शंभर जण एकत्र का येत नाहीत? कारण पुढच्या निवडणुकीचे तिकीट. राखीव मतदारसंघात उभा राहणारा आपला असतो, पण त्याला निवडणारे मतदार सगळे. १९३२ च्या पुणे करारात निदान एवढे तरी होते की, प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे. राज्यघटनेनंतर तेही उरले नाही. उमेदवार पक्ष ठरवू लागला. करार झाला त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीराम यांनी 'चमचा युग' हे पुस्तक काढले, ते याच दुखण्यावर.

कोणी के. आर. नारायणन यांचे नाव घेईल. घ्यावेच. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. माणसाच्या कण्याने फरक पडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो कणा त्यांचा स्वतःचा होता, यंत्रणेने दिलेला नव्हता.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. तोवर आपापल्या राखीव मतदारसंघातल्या खासदाराला गाठा आणि जाहीर सभेत, माईकवर विचारा : साहेब, तुम्ही सूचक म्हणून सही कोणाच्या अर्जावर करणार, आणि ते नाव तुम्हाला कोण सांगणार?