खाणीचा खड्डा म्हणजे कचरापेटी नव्हे

बेंगळुरूच्या लालबागेतील टेकडीचा पट्टिताश्म सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. शहराभोवतीचा असाच प्राचीन खडक फोडून इमारती आणि रस्ते उभे राहिले. मागे खोल खड्डे उरले. लालबागेतला खडक स्मारक ठरला. बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळी येथील खाणींच्या वाट्याला मात्र शहराचा कचरा आला.

यामागचा तर्क वरकरणी व्यवहारी वाटतो: पडीक खड्डा आहे, तो भरून टाकावा. पण कठीण खडकाच्या प्रदेशात भूजल असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. खाण हा वरचा थरच काढून टाकते, खालच्या भेगा उघड्या पाडते आणि सुरुंगांनी त्यांत नव्या भेगांची भर घालते. पाणी गाळणारी माती जिथे उरलेली नाही, तिथेच कचऱ्यातून पाझरणारा विषारी द्रव साठवणे हा धोका आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्याने हवालदिल झालेल्या शहराला तो परवडणारा नाही.

मग खाणीचे पुनरुज्जीवन कसे करावे? ट्रकभर माती ओतून रोपे लावणे हे त्याचे सोपे, छायाचित्रात शोभणारे उत्तर आहे. निसर्गाचा क्रम वेगळा असतो. उघड्या खडकावर आधी सायनोबॅक्टेरिया आणि दगडफूल येते, मग शेवाळ, मग फटींत साचलेल्या चिमूटभर मातीत गवत. झाडाची पाळी फार उशिरा येते. केनियातील मोम्बासाजवळ, बांबुरी सिमेंट कारखान्याच्या उजाड खाणीत रेने हॅलर यांनी १९७१ पासून हेच अनुभवले. त्यांनी लावलेली सुरूची झाडे जगली, पण त्यांचा पाचोळा कुजेना. तेव्हा त्यांनी तेथे सहस्रपाद किडे, म्हणजे आपल्याकडचे ‘वाणी’, आणून सोडले. किड्यांनी पाचोळा खाल्ला आणि त्यातून माती घडू लागली. सुरूची निवड आपण अनुकरावी असे नाही. पण माती घडवणारे जीव आधी हवेत, हा धडा घेण्याजोगा आहे.

भारतातही उदाहरण आहे. गुरुग्राममध्ये अरवलीतील जुन्या खाणींच्या जागी २०१० पासून नागरिक आणि विजय धस्माना यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्थानिक प्रजातींचे रान उभे केले. २०२२ मध्ये, संरक्षित क्षेत्राबाहेर असूनही संवर्धन साधणारे देशातील पहिले ठिकाण म्हणून त्याची नोंद झाली. बेंगळुरूने बियाणे अरवलीतून आणण्याचे कारण नाही. तुरहळ्ळीचे खडकाळ झुडपी रान आणि हेसरघट्ट्याचा गवताळ प्रदेश जवळच आहेत. शिवाय प्रत्येक खड्डा भरलाच पाहिजे असेही नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील बंद खाणीत पावसाचे पाणी साचते आणि पक्षी येतात. खाणींच्या उभ्या कड्यांच्या कपारी शृंगी घुबडाला घरट्यासाठी मानवतात.

कचरा मग टाकायचा कुठे, हा प्रश्न खराच आहे. पण त्याचे उत्तर वर्गीकरणात आणि ओल्या कचऱ्याच्या खतात आहे. खड्डा ते उत्तर फक्त लांबणीवर टाकतो, आणि एक खड्डा भरला की दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतो. तेथील विहिरींची किंमत शहराच्या हिशेबात धरली जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट भाडेपट्ट्यात घालण्यास केंद्र सरकारला सांगितले. न्यायालयाने गवताचा आग्रह धरला, हे लक्षणीय आहे. बांधकामाचा दगड गौण खनिजात मोडतो आणि त्याचे नियम राज्ये करतात. म्हणून कर्नाटकाने, तसेच महाराष्ट्रानेही, पहिला सुरुंग उडण्याआधीच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: वरची माती वेगळी कुठे राखणार, तेथील गवत-झुडपांचे बी कोण जपणार, आणि खाण बंद झाल्यावर भूजलाची तपासणी किती वर्षे चालणार. ही उत्तरे नसतील, तर परवाना देऊ नये.