क्रोमऐवजी फवारा, पण गंजाचे काय?

जेसीबीच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधून आतबाहेर होणाऱ्या चकचकीत दांड्यावर बहुधा हार्ड क्रोमचा थर असतो. तो कठीण असतो, सहसा झिजत नाही आणि स्वस्तही पडतो. तरीही जगभर त्याला पर्याय शोधला जात आहे. दोष त्या थरात नाही, तो ज्या हौदात चढवला जातो त्या हौदात आहे.

या हौदात क्रोमिक आम्ल असते आणि त्यातले क्रोमियम हेक्झाव्हॅलंट, म्हणजे षट्संयुजी रूपातले असते. वीजप्रवाहामुळे द्रवात वायूचे बुडबुडे उठतात आणि फुटताना आम्लाचे बारीक तुषार हवेत उडवतात. हे तुषार श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. युरोपीय संघात 21 सप्टेंबर 2017 नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. तयार दांड्यावरचे धातुरूप क्रोम मात्र निरुपद्रवी असते. त्यामुळे वापरणाऱ्याला या धोक्याची कल्पनाही नसते.

पर्यायांत थर्मल स्प्रे, म्हणजे उष्ण फवारणी, सर्वांत पुढे आहे. तिच्या एचव्हीओएफ या प्रकारात इंधन आणि ऑक्सिजन जाळून ध्वनीपेक्षा वेगवान झोत तयार करतात आणि त्यात टंगस्टन कार्बाइडची भुकटी सोडतात. तापलेले कण पृष्ठभागावर आदळून चपटे होतात आणि थरावर थर बसत जातो. झिजेच्या बाबतीत हा लेप क्रोमपेक्षा सहसा सरसच ठरतो. विमानांच्या लँडिंग गिअरवर त्याने क्रोमची जागा घेतली, ती काही उगाच नाही.

गंजाचे गणित वेगळे आहे. जस्ताचा लेप स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. ओरखडा पडला तरी त्याचे रक्षण काही काळ टिकते. क्रोम आणि कार्बाइड यांना हे जमत नाही. ते फक्त आडपडदा असतात. पडद्याला आरपार छिद्र असेल, तर खारे पाणी पोलादापर्यंत पोहोचते आणि विद्युतरासायनिक घट तयार होतो. लेपाचे मोठे क्षेत्र कॅथोड बनते, छिद्राखालचा इवलासा पोलादी ठिपका ॲनोड बनतो आणि सगळा मारा त्या ठिपक्यावर होतो. खालचा गंज फुगून लेप उचलतो. कठीणपणाचा इथे काही उपयोग नाही.

क्रोमच्या थरात सूक्ष्म भेगा असतातच, म्हणून दमट, खाऱ्या हवेसाठी त्याखाली निकेल देतात. फवारलेल्या लेपात भेगांऐवजी रंध्रे असतात. काम नीट झाले, तर त्यांचे प्रमाण 1 टक्क्याखाली राहते. भुकटी, अंतर किंवा झोताचा वेग चुकला, तर ती एकमेकांना जोडली जातात. कार्बाइडचे कण धरून ठेवणारा कोबाल्टही एकटा असेल, तर आम्लात विरघळू लागतो. म्हणून भुकटीत 10 टक्के कोबाल्टबरोबर 4 टक्के क्रोमियम घालतात आणि वरून सीलर, म्हणजे रंध्रे बुजवणारे रेझिन, लावतात.

‘या लेपाने मिठाच्या फवाऱ्याची चाचणी इतके तास झेलली’ ही जाहिरात त्यामुळे अर्धीच माहिती देते. 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सोडणारी ही चाचणी पदार्थाइतकीच कारागिरीही मोजते. सिलिंडरचा दांडा भाराखाली वाकतो, हे तर ती पाहतच नाही.

आमच्या मते बाहेरच्या, उघड्या पृष्ठभागांसाठी हा बदल योग्य आहे. अरुंद नळीच्या आत झोत पोहोचत नाही, तिथे क्रोम सध्या टिकेल. फवारणी महागही पडते आणि कोबाल्टच्या धुळीपासून कामगाराला जपावेच लागते. खरेदीदाराने ऑर्डरमध्ये लेपाच्या नावापुढे रंध्रांची कमाल मर्यादा, नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी आणि सीलर या तिन्ही अटी लिहून घ्याव्यात.