राजपत्र वाचणारा प्राध्यापक

सर्वोच्च न्यायालयाच्या 20 डिसेंबर 1986 च्या एका निकालपत्रात पहिल्या याचिकाकर्त्याची ओळख ‘राज्यशास्त्राचे प्राध्यापक’ अशी करून दिली आहे. हे प्राध्यापक म्हणजे पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा. खरे तर त्यांचा पिंड अर्थशास्त्राचा, त्यातही जमीनविषयक कायद्यांच्या अभ्यासकाचा. संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आधी येते, त्यामुळे हा घोळ झाला असावा. पण न्यायालयाने अनवधानाने लावलेले ते बिरूद त्यांना शोभून दिसते, कारण त्यांनी न्यायालयापुढे जे ठेवले ते राज्यशास्त्रच होते: कायदा कोण करतो, कोणी करायला हवा आणि या दोहोंत किती अंतर पडले आहे याचा तारीखवार हिशेब. ‘वाधवा विरुद्ध बिहार राज्य’ हा खटला विधी महाविद्यालयांत वटहुकुमांच्या प्रकरणात शिकवला जातो. तो संशोधन म्हणजे काय, या प्रकरणातही शिकवायला हवा. वाधवांच्या कारकिर्दीचा न्यायालयीन भाग त्यांच्या अभ्यासाचाच पुढचा टप्पा होता, आणि आपल्या विद्यापीठांनी अशा कामाला विद्येचे काम म्हणून अजूनही मान्यता दिलेली नाही.

आधी वटहुकुमाचे गणित. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर घटनेच्या अनुच्छेद 213 नुसार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढू शकतात. केंद्रात हाच अधिकार अनुच्छेद 123 ने राष्ट्रपतींना दिला आहे. वटहुकुमाला कायद्याचेच बळ असते, पण आयुष्य बेताचे. विधिमंडळ पुन्हा भरले की त्या दिवसापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणजे कोणताही वटहुकूम फार तर साडेसात महिने जगावा, अशी घटनाकारांची योजना. शेतजमिनीच्या कायद्यांचा माग काढताना वाधवांना बिहारमध्ये भलतेच काही आढळले. 1967 ते 1981 या काळात तिथे 256 वटहुकूम निघाले होते आणि तेच ते पुन्हा काढून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले होते. उसाचा पुरवठा आणि खरेदी यांचे नियमन करणारा एक वटहुकूम 1968 च्या जानेवारीत निघाला आणि जवळजवळ चौदा वर्षे टिकला. या काळात बिहारमध्ये सरकारे आली, पडली, राष्ट्रपती राजवटी येऊन गेल्या. ऊस मात्र वटहुकुमावरच गाळपाला जात राहिला. 256 पैकी 69 वटहुकूम तर राष्ट्रपतींच्या पूर्वपरवानगीने पुन्हा पुन्हा निघाले होते. म्हणजे हा काही पाटण्यातला गुपचूप उद्योग नव्हता, दिल्लीच्या टेबलांवरूनही या फायली सह्या होऊन जात होत्या.

यातली एक फाइल जवळून पाहण्यासारखी आहे. 1981 च्या जुलैत बिहार विधिमंडळाचे अधिवेशन 28 तारखेला संपले. दुसऱ्याच दिवशी संसदीय कामकाज विभागाच्या विशेष सचिवांनी सगळ्या खात्यांच्या सचिवांना पत्र धाडले. अधिवेशन संपले आहे, चालू वटहुकूम 11 ऑगस्टला संपतील, तेव्हा त्याआधी ते सगळे नव्याने निघतील अशा बेताने विधी खात्याशी ताबडतोब संपर्क साधावा, असा त्याचा आशय. राज्यपालांची खात्री पटणे, परिस्थिती निकडीची असणे, घटनेने सांगितलेले यातले काहीही त्या पत्रात नाही. आहे ती फक्त मुदत. शिधापत्रिकांच्या नूतनीकरणाचे परिपत्रक निघावे तसे हे पत्र निघाले, आणि एकेका दिवशी पन्नासच्या आसपास वटहुकूम कसे निघत असतील याचा उलगडा त्याने होतो. वाधवांच्या पद्धतीचे मर्म इथे दिसते. एखाद्या सरकारने एकदा मर्यादा ओलांडली, असे म्हणणारे शेकडो लेख वर्तमानपत्रांत येतात. पण प्रत्येक वटहुकूम पहिल्यांदा कधी निघाला, शेवटी कधी संपला, मधल्या काळात विधिमंडळ भरले होते की नव्हते, हे राजपत्राच्या पानापानातून वेचून तक्त्यात मांडले, की योगायोगाची सबब उरत नाही. एकट्या उदाहरणाला सरकार अपवाद म्हणू शकते; चौदा वर्षांच्या तक्त्याला काय म्हणणार?

हे संशोधन गोखले संस्थेने 1983 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि घटनेशी केलेली लबाडी हा आरोप पुस्तकाच्या शीर्षकातच होता. रूढ अर्थाने काम इथे संपले होते. परीक्षणे आली असती, ग्रंथालयांनी प्रती घेतल्या असत्या आणि बिहारच्या सचिवालयात पुढच्या मुदतीचे पत्र टंकलिखित झाले असते. वाधवा 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर आणखी तिघे याचिकाकर्ते होते आणि तिघांनाही एकेका वटहुकुमाची झळ लागलेली होती: वनोपज विकण्यावर निर्बंध आलेला एक रयत, इंटरमिजिएटचा एक विद्यार्थी, विटांच्या धंद्यातला एक व्यावसायिक. वाधवांचे मात्र व्यक्तिगत काहीच बिघडलेले नव्हते. पुण्यातल्या प्राध्यापकाचा बिहारच्या विटांशी काय संबंध? नेमका हाच आक्षेप बिहार सरकारने घेतला. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने तो फेटाळला. आपल्यावर घटनेनुसार केलेल्या कायद्यांचेच राज्य असावे, कार्यकारी सत्तेने घटना डावलून केलेल्या कायद्यांचे नसावे, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. जनहित याचिकांचा तो बहराचा काळ होता हे खरे, पण इथे न्यायालयाने एका अभ्यासकाचे कुतूहल हेच पुरेसे हितसंबंध मानले, ही गोष्ट निराळी आहे. निकालाच्या शेवटी बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी 10 हजार रुपये द्यावेत, असा आदेश आहे आणि त्यामागे त्यांनी घेतलेल्या संशोधनाच्या कष्टांचा उल्लेख आहे. संशोधनाला न्यायालयाने दिलेली अशी पावती आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते.

प्राध्यापकाने न्यायालयात जाण्यावरचा पहिला आक्षेप तटस्थतेचा. अभ्यासकाने निरीक्षण करावे. पक्षकार झाला की त्याची नजर पक्षपाती होते, निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा मागाहून गोळा होतो, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. हातात याचिका आणि डोक्यात मथळा घेऊन निघालेले प्राध्यापकही आपण पाहिले आहेत. पण कोर्टात एक सोय आहे, जी परिसंवादात नसते: समोर विरोधी वकील असतो आणि त्याला तुमचा प्रत्येक आकडा खोटा ठरवण्यातच रस असतो. नियतकालिकाचे दोन परीक्षक जे तपासणार नाहीत, ते सरकारचा विधी विभाग तपासतो. वाधवांचे आकडे या चाळणीतून तावूनसुलाखून निघाले. बिहार सरकारने वाद घातला तो त्यांच्या हक्काविषयी आणि घटनेच्या अर्थाविषयी. असे करणारे वाधवा एकटेच नव्हते. मथुरा बलात्कार प्रकरणातल्या निकालानंतर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गडचिरोली भागातल्या एका पोलीस ठाण्यात घडलेल्या अत्याचाराच्या निकालाची त्यांनी त्यात केलेली चिकित्सा ही कुठल्याही विधी-नियतकालिकात शोभेल अशीच होती, आणि 1983 च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीकडे जाणारी वाट तिथून सुरू झाली. उमेदवारांनी गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी यासाठी 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाणाऱ्यांच्या अग्रभागी अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेचे प्राध्यापक होते. छत्तीसगडमधल्या सलवा जुडूमविरुद्ध 2011 मध्ये निकाल मिळवणाऱ्या नंदिनी सुंदर बस्तरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या समाजशास्त्रज्ञ. यांतल्या कोणीही आपले शास्त्र बाजूला ठेवून न्यायालयाची पायरी चढलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. वटहुकूम हे वेळप्रसंगी चांगल्या कामाचे हत्यार असते. त्याच्या मागे हात धुऊन लागलात तर निकडीच्या वेळी सरकारचे हात बांधले जातील. महाराष्ट्राला हे सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि वर्षानुवर्षे विधिमंडळात घोळत पडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकुमाच्या रूपाने आला. तो चुकीचा होता, असे मला वाटत नाही. पण पुढे काय झाले ते महत्त्वाचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आले, दोन्ही सभागृहांत त्यावर चर्चा झाली, कलमांवर वाद झाला आणि कायदा मंजूर झाला. वटहुकूम पुलासारखा वापरला गेला. 1986 चा निकाल अशा वटहुकुमांना धक्काही लावत नाही. उलट, सभागृहापुढे कामांची गर्दी असल्याने विधेयक मांडता आले नाही, अशी खरीच अडचण असेल तर तोच वटहुकूम एखादे वेळी पुन्हा काढायलाही न्यायालयाने जागा ठेवली. माझ्या मते ही जागा जरा सैलच ठेवली गेली. कामांची गर्दी किती, हे ठरवणारे सरकारच. अधिवेशन लवकर गुंडाळणारेही तेच.

त्यातूनच तिसरा आक्षेप येतो आणि तो सर्वांत बोचरा आहे: एवढे करून बदलले काय? तीन आव्हानित वटहुकुमांपैकी दोन निकालापर्यंत कायदे झाले होते, न्यायालयाने एकच, इंटरमिजिएट शिक्षण परिषदेचा, रद्द केला. निकालाची शाई वाळून तीन वर्षे झाली नाहीत तोच बिहारने 1989 च्या डिसेंबरमध्ये 429 खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेणारा वटहुकूम काढला आणि 1992 पर्यंत पुन्हा पुन्हा काढत नेला. त्यातला एकही विधिमंडळापुढे ठेवला नाही. शेवटचा संपला तेव्हा आपण सरकारी नोकर झालो असे समजून चाललेले शिक्षक अधांतरी लोंबकळले आणि त्यांचा प्रश्न सुटायला 2 जानेवारी 2017 उजाडला. केंद्राचे चारित्र्यही फार वेगळे नाही. काँग्रेस आघाडीच्या काळात रोखे बाजारविषयक कायद्याचा वटहुकूम तीनदा निघाला. भाजप सरकारने भूसंपादनाचा तीनदा काढला, मध्ये राज्यसभेचे सत्र त्यासाठी संपवले, आणि शत्रू मालमत्तेचा तर एका वर्षात पाचदा. केरळमध्ये 2021 या एका वर्षात 140 हून अधिक वटहुकूम निघाले, त्यांत जुनेच पुष्कळ. या बाबतीत डावे-उजवे असा भेद करायची सोय राहिलेली नाही.

तरीही ‘काही बदलले नाही’ हा निष्कर्ष घाईचा वाटतो. संस्कृत शाळांच्या प्रकरणात 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रश्न आला तेव्हा वादाची जमीन वाधवांच्या खटल्याने आधीच नांगरलेली होती. बहुमताने न्यायालय आणखी पुढे गेले: वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे हे बंधनकारक आहे, राज्यपालांच्या समाधानाची तपासणी न्यायालय करू शकते, आणि वटहुकूम संपला की त्याने दिलेले हक्क आपोआप उरत नाहीत. शिक्षकांना मिळालेले पगार परत घेऊ नयेत, एवढी माणुसकी त्यात होती. केरळच्या राज्यपालांनी 2022 च्या ऑगस्टमध्ये अकरा वटहुकूम पुन्हा काढायच्या कागदांवर सही केली नाही आणि ते संपले. त्यांचे सरकारशी असलेले भांडण सर्वांना ठाऊक आहे, हेतूंची ग्वाही कोणी देऊ नये. पण त्या भांडणात ‘हे घटनेत बसत नाही’ हा युक्तिवाद 1986 पासून तयार होता. फसवणुकीला नाव आणि मोजमाप मिळाले की ती थांबत नाही, पण उजळ माथ्याने करता येत नाही; निदान परिपत्रक काढून तर नाहीच.

बदलले नसेल तर ते मोजणारे कमी पडले म्हणून. 1967 ते 1981 चा बिहारचा तक्ता आहे; महाराष्ट्राचा, गोव्याचा, आंध्रचा तसा तारीखवार तक्ता कोणत्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात अद्ययावत ठेवला जातो? राजपत्रे आता संकेतस्थळांवर आहेत. जे काम एका माणसाला वर्षे घेऊन गेले, ते एम.ए.च्या चार विद्यार्थ्यांचा गट एका सत्रात करू शकेल. करत नाही, कारण त्याला किंमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या संशोधनाचे गुण मोजायचा तक्ता आहे. त्यात शोधनिबंधाला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, पेटंटला आहेत. केंद्र किंवा राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजालाही आहेत. म्हणजे सरकारला सल्ला देणे हे संशोधन. त्याच सरकारचा घटनाभंग पुराव्यानिशी न्यायालयात सिद्ध करणे मात्र त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. वाधवांच्या बाबतीत गंमत अशी की जमिनीच्या नोंदींवर अहवाल लिहायला नियोजन आयोगानेही त्यांनाच नेमले आणि मालकी हक्काची हमी सरकारने द्यावी ही त्यांची मांडणी त्यातून आली. आजच्या तक्त्यात या अहवालाला गुण मिळाले असते, वटहुकुमांच्या खटल्याला शून्य. अनुदान आयोगाला हे दुरुस्त करायला एक ओळ पुरेल: ज्या न्यायालयीन निकालात अध्यापकाच्या मूळ संशोधनाचा आधार घेतल्याचे नमूद आहे, तो निकाल शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा. निकाल विरोधात गेला तरीही.