मुलाची फाईल कोणी सांभाळायची?

आपल्या मंडळाच्या कुटुंबांत काही मुले अशी आहेत की त्यांचे दुखणे एका डॉक्टरकडे संपत नाही. सेरेब्रल पाल्सीचेच घ्या. फिट्ससाठी एक डॉक्टर, आखडणाऱ्या पायांसाठी दुसरे, व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट, शिवाय डोळे, कान, दात. गिळायला त्रास असेल तर आहाराचा सल्लाही. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी मिळते आणि वारी सुरू होते ती बांबोळीच्या गोमेकॉची. ठाणे किंवा चरावणेहून निघालेल्या आईला आधी वाळपई गाठायची, मग पुढची बस धरायची. एका तपासणीत दिवस जातो. दोन विभागांच्या तारखा वेगवेगळ्या पडल्या, की दोन दिवसांचा रोजगार बुडतो.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत ठरावीक उपचारांचा खर्च मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंत विमा आहे, आणि त्यात थेरपीचा व प्रवासाचा खर्चही धरला आहे. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक मान्यताप्राप्त केंद्र.

म्हणजे सोयी आहेत. त्या एकमेकींना जोडणारा माणूस मात्र कोणत्याच योजनेतून घरापर्यंत पोचत नाही. ते काम आई करते. कोणते औषध कधी बदलले, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितले, पुढची तारीख कुठली, सगळे तिच्या डोक्यात आणि एका पिशवीतल्या कागदांत.

यात धोका आहे. फिट्सच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. मूल वाढले की तो पुन्हा तपासावा लागतो. कार्बामाझेपिन चालू असलेल्या मुलाला तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन दिले, तर पहिल्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि मूल गुंगीत जाऊ शकते. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात. दोघांसमोर एकच कागद नसतो, एवढेच. आणि आईच आजारी पडली तर? मुलाला रात्री १०८ च्या रुग्णवाहिकेतून न्यावे लागले आणि सोबत काका असले, तर त्यांना काय सांगता येईल?

हा प्रश्न आपल्याकडेच पडला असे नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्येच अशी कल्पना मांडली, की दीर्घ आजार असलेल्या मुलाची सगळी कागदपत्रे एका ठिकाणी असावीत. पुढे तिचा अर्थ वाढला: कागदांबरोबर जबाबदार माणूसही एकच असावा. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. वाळपईच्या आरोग्य केंद्रात एका परिचारिकेकडे किंवा समाजसेवकाकडे अशा मुलांची यादी द्यावी; त्या व्यक्तीने गोमेकॉच्या दोन-तीन विभागांच्या तारखा शक्यतो एकाच दिवशी मिळवाव्यात, आणि तारीख चुकली तर घरी फोन करावा. मंडळाने तसे निवेदन द्यावे, असे आम्हाला वाटते.

निवेदनाचे उत्तर येईपर्यंत घरी करता येण्यासारखे एक काम आहे. मुलासाठी एक वही करा. पहिल्या पानावर आजाराचे नाव, सध्याची औषधे व डोस, शेवटचे वजन, कशाची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. औषध बदलले की त्याच दिवशी तारखेसह लिहा. त्या पानाचा फोटो आईशिवाय घरातल्या आणखी दोघांच्या मोबाईलवर असू द्या. नवीन डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी वही पुढे करा.

चतुर्थीला घरे भरतात, तेव्हा ही वही करायला बसा. लिहिता न येणाऱ्या आजीलाही विचारा; फिट कधी आणि कशी येते, हे बऱ्याचदा तिनेच सगळ्यांत जवळून पाहिलेले असते.