भाषा प्रयोगशाळेचं कुलूप काढा

भाषा प्रयोगशाळा आता हवी कशाला, असं संस्थाचालक हल्ली सर्रास विचारतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, जर्मन बातम्यांपासून जपानी मालिकांपर्यंत सगळं त्यावर फुकट ऐकायला मिळतं. मग ते कप्पे, हेडफोन, शिक्षकाचं कन्सोल हा पसारा सांभाळायचा तरी कशासाठी? प्रयोगशाळा म्हणजे नुसतं आवाज ऐकवायचं यंत्र, असं मानलं तर ती मोडीत काढायला माझीही हरकत नाही. पण मग विद्यार्थ्याच्या कानात काय गेलं, हे शिक्षकाला कळायची जागा कुठली?

हा विषय आज काढण्याचं कारण आहे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन शिकणाऱ्यांत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक व्हायला निघालेली तरुण मुलंमुली आली. त्यांच्यासाठी ऐकणं हा परीक्षेतल्या चार भागांपैकी एक भाग खराच. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेत ‘ऐकणं’ हा स्वतंत्र भाग असतो, सुमारे चाळीस मिनिटांचा, आणि त्यात 100 पैकी 60 गुण मिळवावेच लागतात. त्यातले काही उतारे एकदाच ऐकवतात. पण परीक्षा सुटली तरी खरी कसोटी पुढे वॉर्डात असते.

तिकडे लोक पुस्तकातली जर्मन बोलत नाहीत. त्या राज्यातल्या श्वाबिया भागातली म्हातारी माणसं ‘इस्ट’ला ‘इश्’ म्हणतात, ‘निष्ट’ला ‘नेत’. आता कल्पना करा, परिचारिका विचारते, इथे दुखतंय का? आजोबा पुटपुटतात, ‘टूट नेत वे’, म्हणजे दुखत नाही. त्यातला तो एवढासा ‘नेत’ निसटला की अर्थ थेट उलटा. व्याकरणाची सगळी कोष्टकं पाठ असलेली मुलगी इथे अडते, आणि दोष तिच्या अभ्यासाचा नसतो. हे ऐकायला तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

आपल्याकडे ऐकण्याचा तास कसा होतो ते बघा. शिक्षक तीन मिनिटांचा संवाद लावतात, मुलं पाच प्रश्नांची उत्तरं लिहितात, शिक्षक बरोबर उत्तरं सांगतात, चुकलेले फुली मारतात आणि पुढचा संवाद सुरू होतो. यात तपासणी झाली, शिकवणं कुठे झालं? जॉन फील्ड यांनी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, ऐकणं शिकवण्यावरच्या आपल्या पुस्तकात नेमकं याच सवयीवर बोट ठेवलं आहे. चुकलेलं उत्तर हे निदानाचं साधन आहे, तिथूनच शिकवायला सुरुवात करायची, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

हे निदान भरल्या वर्गात करता येत नाही, प्रयोगशाळेत येतं. एका मुलीने पंधराच्या जागी पन्नास लिहिलं आहे असं समजा. जर्मनमध्ये ‘फ्युन्फत्सेन’ आणि ‘फ्युन्फत्सिश’. शिक्षक कन्सोलवरून फक्त तिच्या हेडफोनशी जोडले जातात आणि सांगतात, उत्तर राहू दे, जे कानावर पडलं ते जसंच्या तसं लिही. ती ‘फ्युन्फत्स’पर्यंत लिहिते आणि थांबते. म्हणजे शब्दाचा पहिला भाग तिला नीट ऐकू आला, शेपूट ऐकू आलंच नाही, ते तिने अंदाजाने भरलं. मग तेवढाच दोन सेकंदांचा तुकडा कापून पुन्हापुन्हा वाजवायचा. नंतर तेच शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात, तिसऱ्या पुरुषाच्या आवाजात, मागे रेल्वे स्थानकाचा गोंगाट असताना. शेजारच्या कप्प्यातल्या मुलाची अडचण वेगळीच असते. ‘हास्ट डू’चं बोलताना ‘हास्टे’ होतं आणि दोन शब्दांचा एक झालेला त्याला ओळखू येत नाही. छापील ओळीत शब्दांमध्ये जागा सुटलेली असते, बोलण्यात नसते. ज्याचा त्याचा अडथळा निराळा आणि ज्याचा त्याचा वेगही निराळा. म्हणून ते कप्पे.

जुन्या टेपच्या प्रयोगशाळांत एक छान सोय असे. फितीवर दोन पट्टे. एकावर मूळ आवाज, जो विद्यार्थ्याला पुसता येत नसे. दुसऱ्यावर त्याचा स्वतःचा. दोन्ही लागोपाठ ऐकले की आपण कुठे घसरलो ते शिक्षकाने न सांगता कळे. आजच्या संगणकी प्रयोगशाळेत हे आणखी सोपं झालं आहे, पण त्या कळीवर क्वचितच कुणाचं बोट पडतं.

प्रयोगशाळांवर पूर्वी टीका झाली ती ठाऊक आहे. 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिका हादरली, 1958 च्या कायद्याने परकीय भाषांसाठी पैसा ओतला आणि शाळाशाळांतून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या मोठ्या अभ्यासातून निघालं की आठवड्यातून दोनदा तिथे बसून मुलांच्या प्रगतीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. मला यात नवल वाटत नाही. त्या खोल्यांत मुख्यतः ठरावीक वाक्यांची घोकंपट्टी चाले. काय ऐकवलं आणि ऐकणाऱ्याचं काय चुकलं याकडे लक्ष दिलं तर चित्र बदलतं. 1991 साली इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखायला शिकवलं, तेही बरेच आवाज वापरून. दोन वर्षांनी त्याच गटाला दिसलं की एकाच माणसाच्या आवाजावर शिकलेल्यांना नवा आवाज आला की ते कौशल्य फारसं उपयोगी पडत नाही. आपल्याकडे मात्र वर्षभर एकच सीडी, त्यावरचे तेच दोन आवाज.

जपानी शिकणाऱ्या पुणेकरांनाही हे लागू आहे. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत 180 पैकी 60 गुण ऐकण्याचे, त्यात किमान 19 वेगळे हवेत, आणि उतारा एकदाच ऐकवतात. ‘ओबासान’ म्हणजे काकू, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. मराठी बोलताना स्वर जरा लांबला म्हणून सहसा नातं बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्या लांबीकडे लक्षच देत नाही. उलट जर्मन आकड्यांत आपल्याला आयता फायदा आहे. ते चोवीस म्हणताना आधी चार मग वीस म्हणतात, आपलंही तसंच. पण मुलं आकडा इंग्रजीतून फिरवून आणतात आणि तो फायदा हातचा जातो. शिक्षकांनी तो जरूर वापरावा.

म्हणून माझी मागणी यंत्रांची नाहीच. यंत्रं पुष्कळ ठिकाणी अनुदानातून आली आहेत, मूल्यांकन समितीच्या भेटीला खोल्या उघडतात, नंतर बंद. मागणी शिक्षकाच्या वेळेची आहे. साठ मुलांच्या वर्गाला आठवड्यात एक तास देऊन कुणाचाही कान तयार होत नाही. एका वेळी पंधरा-वीस मुलं, रोज अर्धा तास, कन्सोलवर भाषेचा शिक्षक; हार्डवेअरवाला तंत्रज्ञ तिथे पुरत नाही. हे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजेत, नाहीतर कुणी बसणार नाही आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देता येणार नाही.

आणि ध्वनिफिती आपणच जमवाव्यात. जे तिकडे पोचले आहेत त्यांनी सहकाऱ्यांच्या संमतीने कँटीनमधल्या गप्पा, बसची घोषणा, शेजारच्या काकूंची श्वाबी बोली मोबाइलवर टिपून पाठवावी. रुग्णांचं बोलणं अर्थातच नको. जर्मनीला जाणाऱ्या मुलांचे वर्ग शासन चालवतं, त्यांच्या वेळापत्रकात आणि शिक्षकांच्या मानधनात हे तास पुढच्या तुकडीपासूनच धरले जावेत.