आकडे आणि कान

‘हाय-रेझोल्यूशन’ ध्वनीचा अलीकडे मोठा गाजावाजा चालला आहे. महागडे उपकरण घ्या, म्हणजे मैफलीतला आवाज जसाच्या तसा घरी ऐकू येईल, असे आश्वासन त्यामागे असते. महिन्याचा हिशेब जुळवून संगीताचा शौक करणाऱ्याने ते पारखून घेतलेले बरे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची असते. नव्या प्रकारात हे आकडे ९६,००० किंवा १,९२,००० आणि २४ बिट असे असतात. आकडा दुप्पट झाला की सूरही दुप्पट स्वच्छ होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. एखाद्या कंपनसंख्येचा ध्वनी पुन्हा उभा करण्यास तिच्या दुपटीहून अधिक नोंदी पुरतात, असे गणित सांगते. आणि माणसाचा कान तरुणपणीही सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञास २४ बिटांचा उपयोग आहे, हे खरे. परंतु घरी ऐकण्यास १६ बिटांतील सुमारे ९६ डेसिबलांचा पल्ला पुरून उरतो.

प्रयोगांचा कौलही असाच आहे. २००७ साली मेयर आणि मोरान या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ५५४ चाचण्यांत श्रोत्यांची बरोबर उत्तरे निम्मीच भरली. नाणे उडवूनही तेवढीच मिळाली असती. दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. २०१६ साली जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हा हे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले; कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. फरक शून्य नाही, पण तो शोधावा लागतो.

मग नवी आवृत्ती सरस का वाटते? पुष्कळदा ती नव्याने संस्कारित केलेली असते, किंवा किंचित मोठ्याने वाजते. आणि मोठा आवाज कानाला नेहमीच उजवा भासतो. म्हणून दोन्हींची पातळी सारखी ठेवावी, अदलाबदल मित्राकडे सोपवावी आणि मगच निर्णय घ्यावा.

अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखरणाऱ्या तबकड्यांनी जे टिपले नाही, ते कोणताही नवा आकडा परत आणू शकणार नाही. तरीही तो सूर आजही श्रोत्याला जागीच खिळवतो. पैसे खर्चायचेच असतील, तर ते आधी चांगल्या ध्वनिवर्धकावर खर्चावेत. त्याहून उत्तम म्हणजे एखाद्या मैफलीच्या तिकिटावर.