ठरवलंच नव्हतं, ही चैन कुणाची?

शिरढोणच्या ग्रुपवर रविवारी सकाळी ‘कुठे जायचं?’ असा मेसेज पडला, की उत्तर ठरलेलं असतं: कर्नाळा! पण एखाद्या वेळी कुणीतरी ‘घारापुरी’ म्हणतं. मग पनवेल लोकल, गेटवे, तिथून तासाभराची लाँच आणि तोंडावर खारा वारा. अशा न ठरवलेल्या ट्रिपा जरूर करा.

फक्त एवढं लक्षात ठेवा, ‘असंच निघालो’ ही चैन आपली आहे, बेटावरच्यांची नाही. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या वस्त्यांतल्या मुलांना कॉलेजसाठीही समुद्र ओलांडावा लागतो. पावसाळ्यात वारा पिसाळला की लाँच बंद! इथली लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली, पण गावात पूर्णवेळ वीज यायला २०१८ उजाडलं. समोर मुंबई मात्र रोज रात्री झगमगत होती.

म्हणून लेण्यांपुढे सेल्फी काढून लगेच लाँच पकडू नका. गावात फिरा, तिथेच जेवा, चार गोष्टी विचारा, आपला कचरा बॅगेत परत आणा. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात. प्लॅन नसला तरी चालेल, निदान वार तरी बघा!